नवी मुंबईचं विमानतळ झालं, बेंगलोरचं झालं, गोव्याचं मोपा झालं. बेळगावकरानं कुठं जायचं?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं एकदाचं, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन आणि २५ डिसेंबरपासून विमानं. सांताक्रूझचं जुनं टी१ (टर्मिनल १) पाडून नवीन बांधणार म्हणतात. बेंगलोरचं टी२ तर कधीच झालं. सगळीकडं काच, बांबू, कमळाच्या पाकळ्या, फोटो बघूनच दमायला होतं. माझा प्रश्न साधा आहे, आम्ही बेळगावची माणसं यातल्या कुठल्या दारात जाऊन उभी राहायची? लेक फ्रँकफर्टला असते, मे महिन्यात आम्ही दोघं जायचं म्हणतोय. मी सत्तरीला टेकलोय, हिचे गुडघे बोलतात. जावई म्हणतो मुंबई, मेव्हणा म्हणतो बेंगलोर, शेजारचे वकील म्हणतात मोपा.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शिव्या द्यायला सोपं जाईल. मोठ्या शहरांच्या विमानतळावर जेवढा पैसा ओततात त्यातला चतकोर आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाला दिला असता तर हा धागाच काढायला लागला नसता.

लेथवाला_उद्यमबाग
+१. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानाचे भाग तयार होतात, एअरबस बोईंगला जातात. म्हणजे विमानाचे तुकडे बेळगाव जिल्ह्यातनं जाणार आणि आख्खं विमान मात्र हुबळीला उतरणार 😄

निपाणीचा_बंड्या
काका आम्ही निपाणीवाले तर बेळगावला पण येत नाही, कोल्हापूरला उजळाईवाडी जवळ पडतंय. विषय संपला.

शहापूरची_सून
बंड्या, काकांना फ्रँकफर्टला जायचंय, उजळाईवाडीहून कुठली रे फ्रँकफर्टची फ्लाईट.

निपाणीचा_बंड्या
मुंबईपर्यंत तरी जातील की ताई, पुढचं पुढं.

रनवे२७
मूळ खानापूरचा, नोकरी मुंबईत, विमानतळाच्या आतल्या बाजूला (कुठं ते विचारू नका). चतकोरवाल्या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण मुंबईत पैसा कमी पडला म्हणून काम अडलं होतं असं नाहीच.

मुंबईला धावपट्ट्या दोन, ०९/२७ आणि १४/३२. पण त्या एकमेकीला छेदून जातात. त्यामुळं दोन असून एका वेळी एकच वापरता येते, आणि मुख्य पट्टी दुरुस्तीला घेतली की लहान पट्टीवर भागवायचं. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस सहा सहा तास दोन्ही पट्ट्या बंद ठेवतात ते याच साठी, रात्री करायला रात्रसुद्धा मोकळी नसते. एका पट्टीवर तासाला ४५-४६ विमानं चढवायची उतरवायची, दिवसाला हजाराच्या आसपास, जगात एका पट्टीवर एवढी घाई करणारी विमानतळं हाताच्या बोटावर मोजावीत. २०२४ च्या सुरुवातीला सरकारनंच गर्दीच्या तासातली संख्या ४६ वरून ४४ वर आणली कारण विमानं वर घिरट्या घालत बसायची, इंधन जळतंय आणि लोक खुर्चीत अडकलेत.

मग समांतर पट्टी का नाही बांधत? जागाच नाही. विमानतळाची जमीन साधारण १८५० एकर, त्यात पण कडेकडेनं झोपडपट्टी, खालून मिठी नदी, सभोवती कुर्ला अंधेरी विलेपार्ले. बेंगलोरकडं ४००० एकर आहेत, त्यांनी २०१९ च्या डिसेंबरात दुसरी पट्टी आरामात चालू केली, दोन्ही ४००० मीटरच्या.

म्हणून मुंबईत जे केलं ते सगळं इमारतीचं. सहारचं टी२, जानेवारी २०१४ ला उद्घाटन, तेही चालत्या विमानतळावर जुनं टप्प्याटप्प्यानं पाडत नवं उभं करत. ज्यांनी ते काम बघितलंय त्यांना विचारा, या महिन्यातलं गेट पुढच्या महिन्यात जाग्यावर नसायचं. टर्मिनल सुरेखच झालंय, त्यात वाद नाही. पण टर्मिनल कितीही मोठं केलं तरी धावपट्टीवर एक विमान जास्त उतरत नाही.

आता यात बेळगावचं काय? स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरवून मिळालेली वेळ. पन्नास सीटचं विमान उतरलं काय आणि एकशेऐंशीचं उतरलं काय, पट्टीचा वेळ जवळपास तेवढाच जातो. मग गर्दी झाली की पहिली गदा कुणावर? बेळगाव, नांदेड, कोल्हापूर असल्या गावांवर. सकाळी सातला मुंबईत उतरून कामं करून संध्याकाळी परत, हे व्यापाऱ्याचं गणित. त्याला सकाळचा स्लॉट मिळतच नव्हता. दुपारी दीडला मुंबईत उतरवून काय उपयोग. म्हणून टिळकवाडीकर काका, नवी मुंबई ही सांबऱ्याच्या वाट्याचं खाऊन झालेली नाही, सांबऱ्याची अडलेली वाट जर कुठं मोकळी होणार असेल तर तिथंच होईल.

टिळकवाडीकर
रनवे२७, इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. पण "होईल" ला आम्ही फार वर्षं बघतोय हो.

खानापूरकर_आबा
सांबऱ्याबद्दल कुणी हलकं बोलू नका. १९४२ ची धावपट्टी आहे ती, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाईदलानं केलेली. १९६१ ला गोवा घेतला तेव्हा हंटर विमानं सांबऱ्याहून उडाली आणि बांबोळीचं वायरलेस स्टेशन बंद पाडलं. आज त्याच गोव्यात दोन दोन विमानतळं, आणि आपण चोर्ला घाटातनं गचके खात त्यांच्या दारात.

चोर्ला_पीडित
आबा 🙏🙏 माझ्या आयडीचं कारणच ते आहे. मोपा सुचवणाऱ्या वकीलसाहेबांना विचारा पावसाळ्यात चोर्ल्यानं कधी गेलेत का. जांबोटी सोडलं की कणकुंबीपर्यंत रस्ता शोधायला लागतो. पाऊस, धुकं, समोरून वाळूचा ट्रक, आणि गाडीत आई म्हणते हळू चालव, बायको म्हणते चेक-इन बंद होईल. आंबोलीनं गेलं तर रस्ता बरा पण वेळ जातो, आणि शनिवार-रविवारी धबधब्यापाशी पर्यटकांच्या गाड्या आडव्या.

विमानतळ म्हणून मोपा झकास हो. जानेवारी २०२३ पासून चालू आहे, गर्दी बेताची, ट्रॉली लगेच मिळते. दोहा, मस्कतला जाणाऱ्यांना बरं. आमचा आतेभाऊ आखातात असतो तो मोपानंच येतो जातो. पण काकांनी पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नये. मे महिन्यात हरकत नाही.

अथणीची_अक्का
अथणीहून मोपा म्हणजे आधी बेळगावला यायलाच अर्धा दिवस. आम्हाला कुणी विचारतंय का.

बेळगाव_टू_बेंगलोर
मी आयटीवाला, महिन्याला ये-जा. माझं मत बेंगलोर. कारणं:

टी२ खरंच माणसाला त्रास न देणारं आहे. नोव्हेंबर २०२२ ला उद्घाटन, सप्टेंबर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय विमानं सगळी तिथून. वर बांबूचं छत, आत झाडं लटकवलीत, पण मला आवडतं ते वेगळंच, बसायला भरपूर जागा आहे आणि खुर्च्यांना हात आहेत, म्हाताऱ्या माणसाला उठताना धरायला मिळतं. आमची आजी एवढंच बोलली, "बरं केलंय बग."

तोटा असा की शहरापासून पार देवनहळ्ळीला, ३५ किमी. यशवंतपूरला उतरून हेब्बाळ पार करेपर्यंत जीव जातो. विमानतळाची वायुवज्र बस धरा, टॅक्सीवाल्याशी घासाघीस नको. मेट्रोचं काम चालू आहे, होईल तेव्हा होईल.

आणि वंदे भारत आता बेळगावपर्यंत आलीये (१० ऑगस्ट २०२५ पासून), पहाटे सुटली की दुपारी बेंगलोर.

लेथवाला_उद्यमबाग
वंदे भारतनं आठ साडेआठ तास बसून जायचं आणि मग रात्रभर विमानात बसायचं, काकूंच्या गुडघ्यांचा विचार करा की गा. सांबऱ्याहून विमानानं जाऊ दे की सरळ, तासाभराचं काम.

बेळगाव_टू_बेंगलोर
सांबऱ्याचं विमान जर रद्द झालं तर? गेल्या पावसाळ्यात आम्हाला बेळगाववर दोन चकरा मारून परत बेंगलोरला नेऊन सोडलं. खिडकीतनं खाली नुसता ढग. शेजारचे आजोबा म्हणाले, "आलंय की खाली, मला मुतग्याचं देऊळ दिसलं!" काही दिसलं नव्हतं.

मुतग्याचा_म्हादू
देवळाचा कळस उंच हाय आमच्या. दिसला असंल 😂

रनवे२७
काका एक महत्त्वाचं. सांबरा-बेंगलोर आणि बेंगलोर-फ्रँकफर्ट हे एकाच तिकिटावर मिळतंय का बघा. एका तिकिटावर असेल तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची, आणि बॅग सांबऱ्यात दिली की शक्यतो थेट फ्रँकफर्टला घ्यायची. दोन वेगळी तिकिटं काढली तर पहिलं चुकलं की दुसरं बुडालं, कुणी दाद देत नाही. अशा वेळी मध्ये आख्खा दिवस ठेवायचा. आणि देशातलं विमान कंपनीप्रमाणं टी१ ला उतरवू शकतं, परदेशाचं टी२ ला, मध्ये शटल बस आहे पण बॅगा तुम्हालाच ओढायच्या.

शहापूरची_सून
बरं पण मुंबईचं कुणी बोलेना. आम्ही गेली कित्येक वर्षं मुंबईच करतो. रात्री नऊला बेळगावातनं लक्झरी, सकाळी सहाला सायन नाहीतर दादर. मग तिथून टॅक्सी सहारला. खरा त्रास विमानतळाचा कधीच नव्हता, पनवेल ते सहार हा तुकडा. रात्रभर झोप नसते, बस वाशीच्या पुलावर उभी, ड्रायव्हर म्हणतो ट्रॅफिक आहे ताई, आणि घड्याळ पळतंय. एकदा चेंबूरला बसमधनं उतरून, डिव्हायडर ओलांडून, बॅगा डोक्यावर घेऊन रिक्षा पकडलीये. सासूबाईंनी हातातली पिशवी सोडली नाही, त्यात लोणच्याची बरणी होती.

आता मला सांगा, नवी मुंबईचं विमानतळ पनवेलच्या तिथंच आहे ना? मग आपली बस तर कळंबोलीवरनंच जाते!

रनवे२७
ताई, शंभर टक्के मुद्द्याचं बोललात. उलवे-पनवेल पट्ट्यात आहे ते. बेळगाव, कोल्हापूर, साताऱ्याकडनं येणारी प्रत्येक बस एक्स्प्रेस-वे संपला की कळंबोलीला येते. तिथं उतरायचं आणि जवळच विमानतळ. मुंबईत शिरायचंच नाही. बांद्र्याच्या माणसाला नवी मुंबई लांब वाटते म्हणून पेपरात ओरड चाललीये, आपल्यासाठी तीच जागा सोयीची आहे. पुण्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आपण सगळे, आपल्याकरता मुंबईचं विमानतळ पहिल्यांदाच ३५-४० किलोमीटर अलीकडं सरकलंय.

मात्र सुरुवात देशांतर्गत विमानांनी झालीये. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी, सगळे टप्पे झाले की ९ कोटी आणि दोन समांतर पट्ट्या, एकमेकीला न छेदणाऱ्या. तिकीट काढताना कोड नीट बघा, बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. उतरायचं एकीकडं आणि पुढचं विमान दुसरीकडं असं करून बसू नका.

निपाणीचा_बंड्या
हे भारी आहे राव. ट्रॅव्हल्सवाल्यांनी बोर्ड लावायला पाहिजे, "व्हाया एअरपोर्ट" म्हणून. दोनशे रुपये जास्त घेतील ते सोडा.

सांबऱ्याचा_शेतकरी
तुम्ही सगळे जाणाऱ्यांचं बोलताय. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं पण एक वाक्य येऊ दे.

सांबऱ्याला धावपट्टी १८३० मीटरवरून २३०० मीटर केली, २०१७ ला नवी इमारत झाली, त्यासाठी ३७० एकर घेतली. आमच्या भावकीतली पण गेली. मिळाले ते पैसे घराला आणि पोरीच्या लग्नाला गेले, आता त्याच जागेच्या कंपाउंडबाहेर भाऊ जनावरं चारतो. विमान दोनचार वेळा येतं जातं, म्हशी मान पण वर करत नाहीत आता.

नवी मुंबईत दहा गावं उठवली, उलव्याचा डोंगर कापला, नदीचं पात्र वळवलं. पण तिथल्या लोकांना साडेबावीस टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना झाली. ती सरकारनं उदार होऊन दिलेली नाही. १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, त्यातनं आधी साडेबारा टक्क्याचं तत्त्व आलं आणि त्याच्यावर पुढचं. तिथल्या शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांचं नाव विमानतळाला द्या म्हणून लाखभर लोक रस्त्यावर का आले ते यातनं समजतं. आमच्याकडं असा माणूस झाला नाही, आमचा सगळा जोर भाषेच्या मोर्चात संपला.

लेथवाला_उद्यमबाग
दादा शेवटच्या वाक्यावर असहमत. भाषेचा मोर्चा वेगळा, जमिनीचा वेगळा. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाराच माणूस जमिनीच्या मोबदल्यासाठी पण डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला असतो.

सांबऱ्याचा_शेतकरी
असतो, पण मोजकाच. मी तिथं होतो म्हणून सांगतोय.

कित्तूर_रोड
नावाचा विषय निघालाच आहे तर, २०२३ च्या डिसेंबरात विधानसभेनं ठराव केलाय, बेळगावला कित्तूर राणी चन्नम्मा, हुबळीला संगोळ्ळी रायण्णा. याच्यावर इथल्या लोकांचं काय मत?

व्यवस्थापक
नावावरून या आधी दोन धागे कुलूपबंद झालेत. राणी चन्नम्मा सगळ्यांनाच आदराच्या आहेत, वाद नको. त्या विषयावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

निपाणीचा_बंड्या
व्यवस्थापक साहेब, नाव कुठलं पण द्या, विमान द्या.

खानापूरकर_आबा
हे मात्र पटलं. २०१८ ला आठवतंय ना, बेळगावला चांगली चाललेली विमानं एका कंपनीनं उडान योजनेत (लहान गावांना विमानं जोडायची केंद्राची योजना) उचलून हुबळीला नेली. मग कितीतरी दिवस नुसता रिकामा टर्मिनल, नवाकोरा, फरशा चकचकीत. चहावाला आणि सुरक्षेची माणसं सोडून कोण नव्हतं. मग ओरडाओरड झाली, पुढच्या फेरीत बेळगावचं नाव उडानमध्ये आलं आणि परत हालचाल सुरू झाली. म्हणजे इमारत बांधून विमानं येत नाहीत. आता १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी आणखी एका नव्या टर्मिनलची पायाभरणी केली, हुबळी आणि कडपाबरोबर. होऊ दे. पण आधी पावसात विमान उतरवायची सोय आणि मुंबईत सकाळचा स्लॉट या दोन गोष्टी कुणीतरी मागा. आमच्या पुढाऱ्यांना कोनशिला दिसते, स्लॉट दिसत नाही, कारण त्याला फीत बांधता येत नाही.

चोर्ला_पीडित
आबांचा प्रतिसाद फ्रेम करून सांबऱ्याच्या आगमन कक्षात लावा.

बेळगाव_टू_बेंगलोर
एक अवांतर. बेंगलोरच्या करारात अट आहे, १५० किलोमीटरच्या आत दुसरं विमानतळ २०३३ पर्यंत नको, म्हैसूर आणि हासन सोडून. म्हणजे तिथं सरकारनंच एका विमानतळाला पंचवीस वर्षं संरक्षण दिलं. आणि आपल्याकडं बेळगाव-हुबळी शंभर किलोमीटरच्या आत, वर कोल्हापूर, खाली गोवा, सगळे एकाच पन्नास सीटच्या विमानासाठी भांडतायत.

लेथवाला_उद्यमबाग
हे माहीत नव्हतं. आता डोकं फिरलं माझं.

शहापूरची_सून
मूळ प्रश्न राहिला बाजूला. काका, ठरवलं का काही?

टिळकवाडीकर
वाचून वाचून असं ठरवलंय. मुंबई या खेपेला नाही, कारण फ्रँकफर्टचं विमान सहारहूनच आहे आणि शहापूरच्या सुनेनं चेंबूरचं वर्णन केल्यावर ही म्हणाली मी नाही येत. मोपाहून फ्रँकफर्टला थेट काही नाही. राहिलं बेंगलोर. आदल्या दिवशी सांबऱ्याहून विमानानं जाऊन मेव्हण्याकडं मुक्काम, दुसऱ्या रात्री पुढं. एका तिकिटाचं बघितलं, आमच्या तारखांना जमेना. पुढच्या वर्षी नवी मुंबईहून युरोपची विमानं सुरू झाली तर कळंबोलीला उतरायचं, हे मात्र डोक्यात पक्कं बसलंय.

व्हीलचेअरचं कसं करायचं? आणि ही आपली खव्याची मिठाई, कुंदा, न्यायचा म्हणतेय लेकीला, दोन किलो. हातातल्या बॅगेत चालतो का?

रनवे२७
व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, नाहीतर निदान ४८ तास आधी कंपनीला फोन करून कळवा. दोन्ही तिकिटांवर वेगवेगळं सांगायला लागेल. फ्रँकफर्टला पण मिळेल, तिथं चालणं बेंगलोरपेक्षा जास्त आहे त्यामुळं लाजू नका. आणि औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

अथणीची_अक्का
कुंदा नेऊ नका भाऊ. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, खवा म्हणजे दूधच. आमच्या जावयाच्या पेढ्यांची दोन खोकी तिथल्या कस्टमवाल्यानं त्याच्यासमोर कचऱ्यात टाकली.

टिळकवाडीकर
अरे देवा. हे हिला कोण सांगणार.

निपाणीचा_बंड्या
काका शेंगदाण्याची चटणी न्या. चेक-इनच्या बॅगेत, दोन प्लास्टिकमध्ये बांधून.

खानापूरकर_आबा
आणि कुंदा आम्हाला द्या.